जर्मनीत पाच गुण म्हणजे नापास!

केडगावहून जर्मनीला शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याने व्हिसाइतकेच तिथले गुणांचे गणितही समजून घ्यायला हवे. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. वर्षाला साधारण ६० क्रेडिट मिळवायचे असतात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरले जातात. त्यात तासिकांबरोबर स्वतःचा अभ्यासही आला. म्हणून वेळापत्रक मोकळे दिसले, तरी वेळ मोकळा नसतो. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे. पण अनेक विद्यापीठांत एखाद्या सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झाल्यास प्रवेशच रद्द होतो. कर्ज मात्र डोक्यावर राहते. त्यामुळे अर्धवेळ नोकरी शोधण्याआधी अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली वाचावी.