बाऊ झाला, की बाऊ केला?

मराठी घरातील लहान मूल खेळता खेळता पडते आणि आईकडे धावत येऊन सांगते, "बाऊ झाला." वेदनेसाठी आपल्या बाळभाषेने योजलेला हा अगदी पहिला शब्द. मौज अशी, की तेच मूल जरा मोठे झाले म्हणजे आपण त्याला सुनावतो, "एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस." एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत मुलांच्या दुखण्याकडे पाहण्याची आपली सारी रीत सामावलेली आहे. मूल म्हणते, झाला. वडीलधारी माणसे म्हणतात, केला. घरी याने फारसे बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात मात्र पुष्कळ बिघडते.

आमच्या इंदूर नगरीतील खजराना गणेशाच्या देवळाच्या पाठीमागील भिंतीवर नवसाचे उलटे स्वस्तिक काढण्याची प्रथा आहे. इच्छा पूर्ण झाली, की भाविक पुन्हा येऊन ते सुलटे काढतात. लेकराच्या शस्त्रक्रियेपूर्वी कोणी या गणरायापुढे हात जोडतात, तर कोणी खजरान्यातीलच नाहरशाह वलींच्या दर्ग्यात दुवा मागतात. मागणे एकच असते : शस्त्रक्रिया सुखरूप पार पडू दे. ती पार पडली, की आप्तेष्टांचा जीव भांड्यात पडतो. परंतु मुलाची परीक्षा तेथूनच सुरू होते. भूल उतरते, टाके ओढू लागतात, खोकल्यासरशी कळ उठते. खजरान्यातील सरकारी शाळेत काम करताना आम्ही हर्नियाची वा टॉन्सिलची शस्त्रक्रिया करून परतलेली मुले पाहतो. त्यांच्या बोलण्यात डॉक्टरांचे नाव क्वचितच येते; येते ती शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र.

"मूल निपचित पडून आहे, अर्थी त्याला आराम आहे," हा सार्वत्रिक समज आहे, आणि तो घातक आहे. हालचाल केली की दुखते, म्हणून मूल हलत नाही. "दुखते का?" या प्रश्नाला "हो" म्हटले तर सुई टोचतील, या भीतीने ते "नाही" म्हणते. जे अर्भक बोलतच नाही, त्याची तर गोष्टच निराळी.

अर्भकांविषयी पाश्चात्त्य वैद्यकातही दीर्घकाळ असेच गैरसमज होते. त्यांच्या मज्जातंतूंवरील आवरण पुरते तयार झालेले नसते, सबब त्यांना वेदना मोठ्यांसारखी जाणवत नाही, असे मानले जाई. शिवाय पुरेशी भूल त्यांना झेपणार नाही, ही भीती होतीच. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर कित्येकदा केवळ शरीर निश्चल करणारे औषध देऊन, जवळजवळ भुलेविना शस्त्रक्रिया होत. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाच्या बालकावर अशीच शस्त्रक्रिया झाली. ते बालक पुढे दगावले. त्याची आई जिल लॉसन हिला ही गोष्ट मागाहून कळली, आणि तिने ती चव्हाट्यावर आणली.

याच सुमारास या समजाला शास्त्रीय उत्तर देणारा संशोधक आपल्या इंदूरचा विद्यार्थी होता, ही गोष्ट येथील किती घरांना ठाऊक असेल? डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी आपल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परतणारी अर्भके काळवंडलेली, मंद नाडीची आणि उथळ श्वासाची का असतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळील एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या सोळा अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे दोन गट केले. आठांना नेहमीची भूल दिली. उरलेल्या आठांना तिच्या जोडीला फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या शरीरात ताणाच्या संप्रेरकांचा मोठा क्षोभ उसळला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. हे निष्कर्ष १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मज्जातंतूंवरील आवरण अपुरे असले तर संवेदना थोडी सावकाश पोहोचते, पण पोहोचते खास, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात डॉ. आनंद व डॉ. हिकी यांनी साधार मांडले.

पुढे १९९२ साली याच दोघांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या पंचेचाळीस नवजात बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या तीस बालकांना खोल भूल आणि नंतरही चोवीस तास अखंड वेदनाशामक मिळाले, त्यांतील एकही दगावले नाही. हलकी भूल मिळालेल्या पंधरांपैकी चार दगावली. वेदना शमविणे ही केवळ दया नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मग प्रश्न येतो तो शिक्षणाचा. शास्त्र ग्रंथात राहिले आणि रात्रपाळीच्या परिचारिकेपर्यंत पोहोचले नाही, तर त्या मुलाला त्याचा काय उपयोग? २०१० साली पापुआ न्यू गिनी या साधनांची वानवा असलेल्या देशात वेदनाशमनाचा एक छोटा अभ्यासक्रम प्रथम घेतला गेला, आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. त्याचे सूत्र तीन शब्दांचे आहे : ओळखा, मोजा, उपचार करा.

वेदना मोजायची कशी, असे सुज्ञ वाचक विचारतील. तान्ह्या व न बोलणाऱ्या मुलांसाठी १९९७ पासून एक सोपी मोजपट्टी प्रचारात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टी पाहायच्या. प्रत्येकीस शून्य, एक वा दोन गुण, एकूण दहा. बोलत्या मुलापुढे हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांचे चित्र ठेवायचे आणि त्याने बोट दाखवायचे. यासाठी यंत्र लागत नाही. लागते ती नाडी व ताप यांच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना भरण्याची शिस्त. आकडा लिहिला गेला, की त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण होते. औषधानंतर तो पुन्हा पाहिला, म्हणजे औषध पुरले की नाही तेही कळते.

दुसरा धडा वेळेचा. मूल कळवळल्यावर औषध शोधण्यापेक्षा पहिले एकदोन दिवस ते ठरलेल्या वेळी देणे हितावह. तिसरा धडा भीती आणि सावधगिरी यांतील फरकाचा. मॉर्फिनच्या नावानेच पुष्कळ कर्मचारी दचकतात. वास्तविक देखरेखीखाली, थोडे दिवस, वजनाच्या प्रमाणात दिल्याने मूल व्यसनी होईल ही धास्ती अनाठायी आहे. मात्र श्वासावर लक्ष हवे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने हे औषध दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट सुकर केली. उलट, सौम्य समजले जाणारे कोडीन काही मुलांच्या शरीरात झपाट्याने मॉर्फिन बनते व श्वास मंदावतो; म्हणून टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ते मुलांना देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली दिला. धाडस कोठे करावे आणि कोठे थांबावे, हे शिकविल्यावाचून समजत नाही.

या शिक्षणात आईबापांचाही वाटा आहे. एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात. आईची नजर मात्र एकाच खाटेवर असते. परप्रांतीय परिचारिकेला 'बाऊ' म्हणजे काय, 'ठणकते' आणि 'चुरचुरते' यांत भेद कोणता, हे कसे कळावे? ते आपण सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वीच नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : वेदनेसाठी कोणते औषध व किती वेळाने देणार? ती मोजणार कशी? रात्री न थांबल्यास बोलवायचे कोणाला? अधिक औषध मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. मांडीवर घेणे, अंगावर पाजणे, गोष्ट सांगणे हे आपल्या हातचे उपाय आहेत. ते औषधाच्या जोडीने करावेत, त्याच्या ऐवजी नव्हे.

मूल "बाऊ झाला" म्हणाले, तर ते खरे धरून चालावे. त्यात आपली फसगत झाली तरी नुकसान थोडे; न धरण्यात झाली, तर ती सोसणारा जीव लहान असतो.