मनगटावरची पावले आणि जमिनीवरची पावले

गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत ७२ वर्षांच्या एक आजी आल्या. रक्तदाब आणि मधुमेहासाठी त्या बरीच वर्षे माझ्याकडे येतात. चार महिन्यांपूर्वी घरात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता त्या वॉकर धरून चालतात. या वेळी कपाळावर टेंगूळ होते. ‘‘आजी, पुन्हा पडलात की काय?’’ असे विचारले, तर त्या गप्प. सोबतचा नातू म्हणाला, ‘‘डॉक्टर, आजी वॉकरवरचा एक हात सोडून चालते. कितीही सांगा, ऐकत नाही.’’

कारण विचारले तेव्हा आजींनी मनगट पुढे केले. त्यावर स्मार्ट घड्याळ होते. ‘‘दिवसभर घरात फिरते, पण हे मेलं रात्री दीडशेच पावलं दाखवतं. मुलगा रोज फोनवर विचारतो, आई, चालत का नाहीस? हात हलवला की आकडा वाढतो हे माझ्या लक्षात आलं. मग एक हात सोडला.’’

आजींचे निरीक्षण अगदी बरोबर होते. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याला फक्त मनगटाची हालचाल कळते. आत ॲक्सेलरोमीटर नावाचा संवेदक असतो. वेग किंवा दिशा बदलली की त्यातला सिलिकॉनचा सूक्ष्म भाग किंचित सरकतो आणि त्याची विद्युत नोंद होते. वर-खाली, पुढे-मागे आणि आडवी अशा तिन्ही दिशांची हालचाल तो टिपतो. आपण नेहमीच्या वेगाने हात हलवत चालतो तेव्हा या नोंदींमध्ये एक ठरावीक लय उमटते. घड्याळातला प्रोग्राम ती लय ओळखतो आणि प्रत्येक हेलकाव्याला एक पाऊल धरतो. हालचाल फार मंद असेल किंवा लय तुटक असेल, तर तो ती सोडून देतो.

म्हणजे घड्याळातला आकडा हा मोजलेला कमी आणि अंदाजलेला जास्त असतो. वॉकर, बाळाची गाडी किंवा मॉलमधली ट्रॉली ढकलताना मनगट स्थिर राहते. हातात भाजीची जड पिशवी असेल किंवा हात खिशात असेल, तरी तेच. अशा वेळी पावले पडतात, पण मोजली जात नाहीत. उलट भजनात टाळ वाजवताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीने जाताना बसल्या जागी काही पावले जमा होऊ शकतात. मोबाइलचेही तसेच. तो टेबलावर ठेवून तुम्ही घरभर फिरलात, तर त्याच्या लेखी तुम्ही चाललाच नाहीत.

मग ही यंत्रे निरुपयोगी आहेत का? नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून पावले प्रत्यक्ष मोजली गेली. कमरेला लावलेल्या यंत्रांचा आकडा जेमतेम एका टक्क्याने चुकला. मनगटावरच्या एका पट्ट्याने मात्र २२ टक्क्यांहून अधिक पावले कमी दाखवली. त्यानंतर यंत्रे बरीच सुधारली. सपाट रस्त्यावर, नेहमीच्या चालीने, हात मोकळे ठेवून चालणाऱ्याला आज बहुतेक घड्याळे विश्वासार्ह आकडा देतात. अडचण हळू चालणाऱ्यांची आहे. वृद्ध, पक्षाघातातून सावरणारे, पार्किन्सन्सचे रुग्ण आणि गुडघा किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले यांची पावले छोटी आणि घसटती असतात. ज्यांना चालण्याच्या नोंदीची सर्वाधिक गरज, नेमकी त्यांचीच नोंद सर्वात कच्ची.

घड्याळावरच्या कॅलरींचे गणित तर याहून अविश्वसनीय. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात यंत्रे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. पण खर्च झालेल्या ऊर्जेबाबत सर्वात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. तेव्हा मधुमेहींनी ‘आज तीनशे कॅलरी जळाल्या’ म्हणून जिलेबीचे ताट पुढे ओढू नये.

दहा हजार पावलांचा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. ते नाव जगभर नियम बनले. २०१९ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध महिलांच्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा फारसा वाढला नाही. थोडक्यात, जो आज दोन हजार पावले चालतो, त्याने तीन हजारांवर जाणे हीसुद्धा खरी कमाई आहे.

तुमचे घड्याळ किती खरे बोलते, हे घरीच तपासता येते. आकडा पाहून ठेवा, मनात मोजत नेहमीच्या चालीने शंभर पावले चाला, थांबा, मिनिटभराने पुन्हा आकडा पाहा. ९५ ते १०५ दाखवले तर ठीक. हीच चाचणी हळू चालून आणि हातात पिशवी घेऊनही करा. फरक कुठे पडतो ते कळेल. नंतर आपली तुलना फक्त स्वतःशी करा. तेच घड्याळ, त्याच हातावर, या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्यापेक्षा वाढली का, एवढेच पाहा. शेजाऱ्याच्या वेगळ्या घड्याळातल्या आकड्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

ज्यांना काठी किंवा वॉकर लागतो, त्यांनी पावलांऐवजी मिनिटे किंवा फेऱ्या मोजाव्यात. एरवी धडधाकट असूनही चालताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल, छातीत दाटत असेल किंवा पोटरीत गोळे येऊन थांबावे लागत असेल, तर घड्याळात कितीही पावले दिसोत, डॉक्टरांना दाखवा. कोणतेही घड्याळ ही लक्षणे सांगणार नाही.

आजींना मी घड्याळ वेळ पाहण्यापुरते ठेवायला सांगितले. दाराजवळच्या टेबलावर दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. दोन्ही हात वॉकरवर ठेवून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत यायचे, उभे राहायचे आणि एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. परवा त्या तपासणीला आल्या. टेंगूळ उतरले होते. ‘‘दहाचे चौदा झाले,’’ त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितले. मुलालाही आता फोनवर तोच आकडा कळवतात.