विजेशी वागताना : वायर कुठे मोडते?

आज आरसीडी (करंटची गळती पकडून सप्लाय तोडणारा स्विच) घ्यायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मेलबर्नमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्यांच्या ऑफिसातल्या मॉनिटरच्या टॅगवर पुढच्या तपासणीची तारीख पाच वर्षांनंतरची आहे. खालच्या वर्कशॉपातल्या एक्स्टेन्शन वायरीच्या टॅगवर मात्र सहाच महिन्यांनंतरची. तपासणारा एकच, तपासणीचा दिवसही एकच. मग हा फरक का?

एएस/एनझेडएस ३७६० या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकात त्याचं कोष्टकच आहे. कारखाना, वर्कशॉप असेल तर सहा महिने. वायर सारखी वाकते, ओढली जाते किंवा ओल-धूळ-उष्णता सोसते, अशा ठिकाणी एक वर्ष. जागचं न हलणाऱ्या उपकरणाला पाच वर्षं. त्याच ऑफिसात सफाईचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र सहा महिन्यांनी तपासायचा. बांधकामाच्या साइटवर तर तीनच महिने. तिथे बऱ्याच ठिकाणी दर तिमाहीला टॅगचा रंग बदलतात, म्हणजे जुना टॅग लांबूनच ओळखू येतो. उपकरण किती महागाचं, किती वॅटचं, याच्याशी कोष्टकाला देणंघेणं नाही. वायरीला किती सोसावं लागतं, हे त्यात पाहिलेलं आहे आणि मला ते अगदी पटतं.

लवचिक वायरीच्या प्रत्येक कोरमध्ये तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा असतो. वायर प्लगमधून जिथे बाहेर पडते तिथेच ती रोज वाकते आणि तिथेच एकेक तार तुटत जाते. वरचं आवरण शाबूत, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. फेज किंवा न्यूट्रल तुटला तर मशिन बंद-चालू व्हायला लागतं, कोणीतरी कुरकुरतं आणि वायर दुरुस्तीला जाते. अर्थ तुटली तर काहीच होत नाही. मशिन पूर्वीसारखंच चालतं, महिनोन् महिने. मग कधीतरी आत फेज लोखंडी बॉडीला टेकतो. अर्थ धड असती तर भरपूर करंट तिच्यातून गेला असता आणि फ्यूज उडाला असता. आता बॉडी नुसती जिवंत होऊन बसते, हात लावणाऱ्याची वाट बघत.

म्हणून अर्थ मोजायची. एक्स्टेन्शनच्या एका टोकाच्या अर्थ पिनपासून दुसऱ्या टोकाच्या अर्थपर्यंत रोध १ ओहमच्या आत हवा. पण इथे एक मेख आहे. जुडग्यातल्या दोन-तीन तारा जरी शिल्लक असल्या तरी मीटर खुशाल ‘पास’ दाखवू शकतो. जाणता टेस्टर मीटर चालू ठेवून वायरीची दोन्ही टोकं हाताने वळवतो आणि नजर आकड्यावर ठेवतो. ०.२, ०.२, ०.२ आणि मध्येच आकडा उसळला, की वायर बाद. जो वायर वळवत नाही, त्याच्या टॅगवर माझा विश्वास नाही.

प्लग उघडता येण्यासारखा असेल तर आतही बघावं. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब, सैल सोडलेली हवी. वायर हिसकली गेली तर फेज आधी निसटावा, अर्थ सगळ्यात शेवटी. मापाने सारख्याच कापलेल्या तीन तारा दिसायला नीटनेटक्या दिसतात, पण ते काम चुकीचं.

पत्रात आणखी एक निरीक्षण आहे: मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावताना टेस्टरने मशिनचं बटण ‘ऑन’ करून ठेवलं होतं. बरोबर केलं त्याने. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसी लावायचे. इन्सुलेशन किमान १ मेगोहम भरायला हवं. बटण बंद असेल तर मोजणी बटणापाशीच अडते आणि आतली मोटर पूर्ण तपासलीच जात नाही.

काही यंत्रांत मात्र बटणामागे रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो सप्लाय मिळाल्याशिवाय जुळतच नाही. अशांना सप्लाय देऊन, चालू करून, करंटची गळती मोजावी लागते. ते मिलिअँपिअरचं गणित आरसीडीच्याच घरातलं आहे, तेव्हा दोन्ही पुढच्या आठवड्यात एकत्र घेऊ.