दोष बॅटरीचा नव्हताच!

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. पहाटेची एसटी त्यांना झेपत नाही, म्हणून आमच्या व्हॅनमधून मीच घेऊन जाते. गाडी २००८ सालची, म्हणजे म्हातारीच म्हणा ना!

त्या दिवशी पहाटे साडेपाचला वहिनी गाडीत बसल्या. मी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेवटी वडापची जीप गाठली. दवाखान्यात पोचायला दीड तास उशीर झाला. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघून माझाच जीव खालीवर होत होता.

महिन्याभरात हे तिसऱ्यांदा झालं होतं. पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, चार हजार गेले. दुसऱ्या वेळी स्टार्टर खोलला, आणखी दीड हजार. आणि आता काय, तर ‘ताई, गाडी विकून टाका.’ मी दोन्ही वेळा मुकाट्याने पैसे दिले होते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, गॅरेजमध्ये मात्र तोंडाला कुलूप!

मग कुणीतरी स्टँडमागच्या वायरिंगवाल्या चाचांचं नाव सांगितलं. चाचांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारलं, “ताई, किल्ली फिरवल्यावर हेडलाइट मंद होतो का?” मी म्हटलं, “नाही, दिवे चांगले झगझगीत असतात.” “मग बॅटरीवर कशाला संशय घेता? आधी मोजायचं, मग बदलायचं.”

त्यांनी मीटर बॅटरीला लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. खरं तर आकडा शून्याच्या जवळपास हवा. आला चार! म्हणजे बॅटरीतल्या बारापैकी चार व्होल्ट वाटेतच अडकत होते.

गंमत अशी, की गाडीत वीज जाते तारेतून, पण परत येते बहुतेक पत्र्यातून. त्याला अर्थ म्हणतात. पत्र्याला आणि इंजिनाला जोडणारी एक जाड पट्टी असते. आमच्या गाडीत तिच्या बोल्टखाली गंज चढला होता. चाचांनी पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. पुन्हा मोजलं, तर आकडा ०.२ च्याही खाली! किल्ली फिरवताच गाडी सुरू. मजुरी दीडशे रुपये.

त्या दिवशी चाचांकडून जे शिकले, ते तुम्हालाही सांगते. किल्ली फिरवताना हेडलाइट अगदीच मंद झाला, तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघावीत. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो, असं झालं तर बहुधा अर्थ खराब. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी चार्जच होत नाही. मग नवी आणली तरी चार दिवसांत तीही बसणार.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचते. ती काढायला इंजिन बंद करून आधी ऋण (–) तार सोडवायची, मग धन (+). खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ द्यायचं नाही. कोरडं करून आधी धन जोडायची, शेवटी ऋण, आणि वरून थोडं व्हॅसलीन. आणि हो, फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. त्याजागी तारेचा तुकडा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

साधा मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो नसला तरी चालेल. वायरिंग उसकटायला आपण जायचंच नाही, ते जाणत्याचं काम. पण ‘बदलायच्या आधी मीटर लावून मोजलंत का?’ एवढं विचारायला काय हरकत आहे? गॅरेजवाल्याने मला फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने अंदाज केला, आणि मी विचारलं नाही. आमचे साडेपाच हजार गेले ते तिथे. पण वहिनींचा तो दीड तास मला जास्त लागला.

आता मंगळवार-शुक्रवारी पहाटे किल्ली फिरवताना पोटात गोळा येत नाही. वहिनी मात्र अजून हात जोडून बसतात. गाडी सुरू झाली, की मग हसतात.