कातीव पेन: प्रदर्शनात काय खपते?

मुलुंड-घाटकोपरच्या हस्तकला-प्रदर्शनांत नक्षीदार पेनांभोवती गर्दी जमते खरी. पण गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक चार अक्षरे लिहून पाहते आणि बहुधा साधे, मध्यम जाडीचे पेन नेते. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांच्या ज्या स्वदेशी पेनाला गांधीजींनी १९३५ साली पत्राने पसंती कळवली, त्या घराण्याची पेनेही एबोनाइटची, म्हणजे गंधकासह तापवून कठीण केलेल्या रबराची. यात शाई थेट नळीत भरतात. नळी पातळ कातली, तर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई संपत आली की निबावर थेंब उतरतो. तो सदऱ्यावर पडला, की गिऱ्हाईक पुन्हा कसले फिरकते! म्हणून कारागिराने दहांतली सात पेने साधी, जाड नळीचीच कातावीत. तीन दुकान सजवायला. उन्हात मात्र मांडू नयेत. काळे एबोनाइट विटते.