‘मुलगा काय करतो?’

मैत्रिणींनो, लग्नाच्या बैठकीत आपण बायका पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘मुलगा नोकरीला आहे ना?’ पुढचं सगळं त्यावरच ठरतं. हा प्रश्न आमच्या घराने चार वर्षे ऐकला, म्हणून आज तुमच्याशी थोडं मनातलं बोलते.

माझे धाकटे दीर बी.ए. झाले. अमरावतीत आमच्याकडे राहून त्यांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. दोनदा थोडक्यात हुकलं. मग दर्यापूरकडे आपल्या गावी परतले नि गप्पच झाले. सासूबाई हळदीकुंकवालाही जाईनाशा झाल्या. त्यातच कोणीतरी सांगितलं, अमुक रक्कम द्या, नोकरी लावून देतो. दोन एकर विकायची बोलणी सुरू झाली. मी पहिल्यांदाच मोठ्यांसमोर तोंड उघडलं, ‘त्यापेक्षा थोडे पैसे भाऊजींना एखादं काम शिकायला द्या.’ आठ दिवस घरात अबोला होता!

शिकायचं तरी काय? उत्तर आमच्या अंगणातच वाळत होतं. आपल्या वऱ्हाडात तूर अमाप पिकते. ती आपण कच्ची विकतो आणि डाळ दुकानातून आणतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान प्रमाणावर डाळ करण्यासाठी मिनी डाळ मिल तयार केली आहे. भाऊजी तिथे जाऊन शिकून आले. तूर निवडायची, यंत्रात तिला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, उन्हात वाळवायची, पाण्याचा हात देऊन रात्रभर ढीग करून ठेवायची, पुन्हा वाळवून मग भरडायची. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘हे तं आम्ही जात्यावर करतच होतो. यात शिकाचं काय?’

शिकायचं होतं ते पुढेच. कर्ज काढून यंत्र आणलं, डाळ उत्तम निघाली आणि पहिल्या वर्षी तोटा आला! जवळचा सगळा पैसा तूर घेण्यातच गुंतला. डाळ नातलगांना उधार गेली. विजेचं बिल आणि स्वतःची मजुरी हिशोबात धरलीच नव्हती. हाताला कसब आलं होतं, धंदा अजून यायचा होता.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. घरखर्चाची वही आपण लिहितोच की! शंभर किलो तुरीची डाळ सत्तर किलोच्या आसपास, उरलेली चुनी ढोरांना. तिचेही पैसे येतात. दुसऱ्या वर्षी भाऊजींनी लोकांची तूर मजुरीवर भरडून दिली. त्यात भांडवल अडकत नाही. उधारी बंद केली. हप्ते वेळेवर जाऊ लागले.

तुमच्या घरात असं कोणी तरुण असेल, तर एवढं करा. आपल्या भागात काय पिकतं, काय खपतं ते आधी पहा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिक्षण मोफत असतं, राहण्याजेवण्याचीही सोय असते. तिथे चौकशी करा. कर्ज-अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा, मध्यस्थ नको. राज्याच्या २०१९ च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही माहिती तिथेच विचारा. कोर्स निवडताना हिशोब, खरेदी आणि विक्री शिकवतात का, हे जरूर पहा. आणि यंत्र घेण्याआधी महिनाभर दुसऱ्याच्या गिरणीत काम करू द्या.

गेल्या महिन्यात भाऊजींसाठी एक स्थळ आलं. मुलीच्या आईने तोच प्रश्न विचारला. मी काही बोलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, ‘नोकरी नाही. डाळीची गिरणी हाये. वही दाखवू काय?’

अजून त्यांचा निरोप आलेला नाही. पण उद्या तुमच्या लेकीसाठी असं स्थळ आलं, तर मैत्रिणींनो, ती वही तुम्ही मागून पाहाल ना?