हुकमी चढाईपटू विकत घ्यावा का?

निपाणी आणि बेळगाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर, म्हणजे पुणेरी पलटण आणि बेंगळुरू बुल्स यांच्या अधेमधे. त्यामुळे प्रो कबड्डीचा लिलाव आला, की इथल्या कबड्डीप्रेमींपुढे प्रश्न उभा राहतोच: तिजोरी एकाच खेळाडूवर रिकामी करावी का?

पवन सेहरावतचं उदाहरण घ्या. जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात बुल्सच्या 38 गुणांपैकी 22 त्याने एकट्याने चढाईत आणले आणि बुल्स विजेते ठरले. 2022 मध्ये तमिळ थलैवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. संघाची एकूण खर्चमर्यादा होती 4 कोटी 40 लाख.

पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि पवनचा हंगाम संपला. गंमत अशी, की तरुण नरेंदरच्या चढायांवर थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले! पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले आणि ते तळाला राहिले.

महागडा चढाईपटू असूनही संघ का हरतो, याचं कारण खेळातच आहे. चढाईपटू पकडला गेला, की साथीदार प्रतिस्पर्ध्याला बाद करेपर्यंत तो बाहेर बसतो. त्याला परत आत आणणारे हात दुबळे असतील, तर कोट्यवधींचा खेळाडू बाकावरच राहतो.

पुणेरी पलटणनेही 2023 मध्ये इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाख खर्चले. पण तो मुख्यतः बचावपटू, आणि अस्लम इनामदार, पंकज मोहिते ही चढाईपटूंची फळी आधीच तयार होती. मार्च 2024 मध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं.